लिंक एकीकडची, पान भलतीकडचं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे: दाबतो एक, उघडतं दुसरंच. उत्तरांकडे वळण्याआधी एक चाचणी सगळ्यांनीच करून घ्यावी. पान ढकलणारा चारांपैकी कुणीही असू शकतो: ती साइट, तुमचा ब्राउझर, तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर, नाहीतर घरातला राउटर, म्हणजे वायफाय देणारी पेटी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून तीच लिंक आधी त्याच फोनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, मग दुसऱ्या कुणाच्या फोनवर त्याच्या डेटावर. दुसऱ्या ब्राउझरमध्ये नीट चाललं तर दोष पहिल्या ब्राउझरमध्ये. डेटावर नीट आणि वायफायवर बिघडलेलं, तर राउटर. फक्त तुमच्याच फोनवर बिघडलेलं, तर फोन. सगळीकडे तेच होत असेल तर साइटच तशी आहे, तुमच्या सेटिंग्ज उगाच उलट्यापालट्या करू नका.

प्रश्न: क्रोममध्ये पॉप-अप (आपोआप उघडणाऱ्या खिडक्या) आणि रिडायरेक्ट (दुसऱ्या पानावर ढकलणं) बंद करून ठेवले आहेत. तरी क्रिकेटचे सामने फुकट दाखवणाऱ्या साइटवर प्ले दाबलं की नवीन टॅबमध्ये जाहिरात उघडते. हे सेटिंग नुसतं नावाला आहे का?
(विद्यार्थी, सांगली)

नावाला नाही, पण त्याची हद्द तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे. तुमचं बोट न लागता जे उघडू पाहतं, ते ब्राउझर अडवतो. बोट लागल्यावर लगेच जे उघडतं, ती तुमचीच इच्छा असं तो धरून चालतो. क्रोम ही मुभा स्पर्शानंतर जेमतेम ५ सेकंद आणि एका खिडकीपुरती देतो. अशा साइट्सना तेवढी पुरते. प्लेच्या बटणावर एक पूर्ण पारदर्शक थर पसरलेला असतो. पहिलं बोट त्या थरावर पडतं आणि जाहिरात उघडते. मग थर नाहीसा होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खरं बटण हाताला लागतं. ‘दोनदा दाबलं की चालतं’ असं लोक सांगतात ते यामुळे. दुसरा प्रकार जास्त चलाख: तुम्हाला हवं ते पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि मागे राहिलेला जुना टॅब गुपचूप जाहिरातीवर जातो.

आधी सेटिंग खरंच बंद आहे का ते पाहा. अँड्रॉइडवर क्रोमचे तीन ठिपके, ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘पॉप-अप्स ॲण्ड रिडायरेक्ट्स’. कॉम्प्युटरवर हेच ‘प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटी’मधल्या ‘साइट सेटिंग्ज’खाली सापडतं. मुख्य बटण बंद असूनही खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असू शकते. पूर्वी कधीतरी घाईत ‘ऑलवेज अलाव’ दाबलेलं असतं आणि ती साइट तिथे ठाण मांडून बसते. ती यादी साफ करा. बँकेची किंवा सरकारी साइट पावती नव्या खिडकीत उघडत असेल, तर तेवढीच यादीत ठेवा. एका पावतीसाठी अख्खं सेटिंग उघडं टाकू नका.

यापुढचं काम जाहिरात-रोधकाचं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकता येत नाहीत, फायरफॉक्समध्ये येतात. म्हणून फोनवर फायरफॉक्स घेऊन त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ टाकणं हा सगळ्यांत चांगला उपाय. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये रोधक मुळातच आहे. कॉम्प्युटरवरच्या क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्याने मूळ यूब्लॉक ओरिजिन २०२५ पासून तिथे चालत नाही. ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ चालतं, पण त्याची ताकद कमी. नावं सारखी असणारी नकली एक्स्टेंशन बरीच आहेत, तेव्हा बनवणाऱ्याचं नाव पाहून मगच घ्या.

एवढं करूनही फुकट सामने दाखवणाऱ्या साइट्स जाहिरातीचे पत्ते रोज बदलतात आणि रोधक त्यांच्या मागे धावत राहतो. ही शर्यत तुम्ही जिंकणार नाही. निदान तीन गोष्टी पाळा. तिथून ‘प्लेअर अपडेट’ म्हणून काही उतरवू नका. ‘रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाव दाबा’ असं आलं तर दाबू नका. आणि नको असलेलं पान त्याच्या आतल्या फुलीने बंद करू नका, कारण ती फुलीही जाहिरातच असते. टॅबच बंद करा. मागे जाण्याचं बटण दाबूनही तेच पान येत असेल, तर कॉम्प्युटरवर ते बटण दाबून धरा. मागच्या पानांची यादी उघडते, त्यातून थेट दोन-तीन पानं मागे जाता येतं.

प्रश्न: ॲड्रेस बारमध्ये काहीही शोधलं की गूगलऐवजी याहूची उत्तरं येतात. एक्स्टेंशन काढलं, दुसऱ्या दिवशी परत हजर. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असंही दिसतं. कॉम्प्युटर घरचा आहे, ऑफिसचा नाही.
(लेखापाल, ठाणे)

शेवटच्या दोन वाक्यांत निदान आलं. याहूचा यात दोष नाही. शोध आधी एका अनोळखी पत्त्यावर जातो, तिथे त्याची नोंद होऊन दलाली ठरते आणि मग तो याहूकडे किंवा बिंगकडे सोडला जातो. एंटर दाबताच ॲड्रेस बारकडे नीट पाहा, क्षणभर एक विचित्र नाव चमकून जाईल. ते टिपून ठेवा. एक्स्टेंशनच्या आणि प्रोग्रॅमच्या यादीत तेच किंवा तशाच वळणाचं नाव बहुधा सापडतं.

‘मॅनेज्ड बाय’चा अर्थ असा की कुठल्यातरी प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या मूळ वहीत, क्रोमसाठी धोरण लिहून ठेवलं आहे, जसं मोठ्या कार्यालयांचे आयटीवाले लिहितात. त्या धोरणात ‘हे एक्स्टेंशन सक्तीने टाका’ अशी ओळ असते, म्हणून काढलेलं परत येतं. काही अँटिव्हायरसही धोरण लिहितात, त्यामुळे ओळ दिसली म्हणजे घात झालाच असं नाही. क्रोमचं धोरणांचं पान उघडा (ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन तिरक्या रेघा, ‘पॉलिसी’, सगळं इंग्रजी लिपीत). तिथे ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ दिसलं, तर संशय पक्का.

आता क्रम महत्त्वाचा. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण ते टोकापासून सुरुवात करतात आणि मूळ तसंच राहतं.

पहिल्यांदा क्रोमचं सिंक, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या यंत्रांवर सेटिंग्ज सारखी ठेवणारी सोय, बंद करा. एकाच खात्यावर दोन कॉम्प्युटर असतील तर एकाची घाण दुसऱ्यावर येते, तेव्हा दोन्ही साफ होईपर्यंत सिंक बंदच ठेवायचं. मग विंडोजच्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये तारखेनुसार यादी लावून, त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय आलं ते पाहा. पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधणारं, ड्रायव्हर अपडेट करणारं काहीतरी असतं. ते काढा. त्यानंतर ‘टास्क शेड्युलर’ उघडून लायब्ररीत अनोळखी कामं आहेत का बघा. दर लॉगिनला एक्स्टेंशन पुन्हा बसवणारा हाच असतो. मालवेअरबाइट्सचं ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे फुकट आणि छोटं साधन यातलं बरंच काम करून देतं. ते चालवून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.

एवढ्याने धोरण गेलं नाही तर रजिस्ट्री. रजिस्ट्री एडिटर उघडा, ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’, ‘क्रोम’ असं आत जा. उजवं बटण दाबून आधी ‘एक्स्पोर्ट’ करून प्रत ठेवा आणि मगच तो ‘क्रोम’ कप्पा पुसा. ‘एचकी करंट यूझर’खालीही याच वाटेने पाहा, तिथला विसरला जातो. धोरणांच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबा. यादी रिकामी झाली की एक्स्टेंशन काढता येईल.

शेवटी क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट’. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. शोधयंत्र आणि सुरुवातीचं पान मूळपदावर येतं, एक्स्टेंशन बंद होतात, कुकीज (साइट्सनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. जाता जाता डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘टार्गेट’ वाचा. ओळ साधारणपणे ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरणचिन्हावर संपते. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर खोडा.

क्रोममध्येच असलेलं ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ वापरा असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. ते साधन गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलं आहे, शोधत बसू नका.

प्रश्न: वडिलांच्या फोनवर ब्राउझर बंद असतानाही आपोआप जाहिराती उघडतात. ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस’ असं काहीतरी येतं.
(गृहिणी, चिपळूण)

दोनच शक्यता. सूचना म्हणजे नोटिफिकेशन येऊन ते दाबल्यावर पान उघडत असेल, तर कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाव’ दिलं गेलं आहे. ते नोटिफिकेशन दाबून धरा, क्रोम आणि खाली साइटचं नाव दिसेल, तिथूनच बंद करा. मग क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘नोटिफिकेशन्स’ची यादी उघडून जे ओळखीचं नाही ते सगळं काढा. फोनमध्ये व्हायरस आहे की नाही, हे एखाद्या साइटच्या पानाला कळूच शकत नाही. वडिलांना हे एक वाक्य सांगून ठेवा.

काहीही न दाबता पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर ते एखाद्या ॲपचं काम. जाहिरात समोर असतानाच अलीकडच्या ॲप्सचं चौकोनी बटण दाबा. त्या जाहिरातीच्या कार्डावर ज्याचं चिन्ह दिसेल तोच गुन्हेगार. चिन्ह कोरं असेल तर लपण्याचा प्रयत्न चालला आहे असं समजा. ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘स्पेशल ॲक्सेस’, ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ इथे पाहा. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोन साफ करणारं, कीर्तन-आरतीचं ॲप यांना दुसऱ्यांच्या डोक्यावर बसायची परवानगी कशाला लागते? काढून टाका. ‘अनइन्स्टॉल’ फिकं दिसत असेल तर त्या ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून आधी तो हक्क काढा. जाहिराती इतक्या येत असतील की काही करूच देत नाहीत, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचा मेनू आणून ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की तो पर्याय येतो. बाहेरून घेतलेली ॲप्स त्यात झोपलेली असतात, निवांत काढता येतात.

प्रश्न: घरातले दोन फोन, लॅपटॉप आणि टीव्ही, सगळ्यांवर अधूनमधून जुगाराच्या साइट उघडतात. मोबाइल डेटावर मात्र काही होत नाही.
(दुकानदार, इचलकरंजी)

चाचणी तुम्हीच केलीत, आता राउटर उघडू. साइटचं नाव कुठल्या क्रमांकावर आहे हे सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. राउटरमध्ये कुणी परका डीएनएस भरून ठेवला, तर घरातल्या सगळ्या यंत्रांना खोटा पत्ता मिळतो. ही युक्ती जुनी आहे. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या व्हायरसने मुख्यतः कॉम्प्युटरमधलाच डीएनएस बदलून शंभराहून जास्त देशांतली सुमारे ४० लाख यंत्रं वळवली होती. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यामागची टोळी उघडी पाडली.

खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर क्रोमच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘यूज सिक्युअर डीएनएस’ चालू करून क्लाउडफ्लेअर किंवा गूगल निवडा. आता त्या लॅपटॉपवरचं क्रोम पत्ता राउटरला विचारत नाही. त्यात त्रास थांबला आणि फोनवर चालूच राहिला, तर डीएनएसच.

राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (टाइप करताना इंग्रजी अंक वापरा). आत ‘वॅन’ आणि ‘डीएचसीपी’ अशा दोन्ही ठिकाणी डीएनएसचे रकाने असतात. एकच दुरुस्त करून लोक थांबतात. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ करा, किंवा १.१.१.१ आणि १.०.०.१, नाहीतर ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२ भरा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. हे न करता नुसता डीएनएस बदलला तर तो पुन्हा बदलला जाईल.

काही जण सरळ रीसेटची पिन खुपसतात. त्याआधी ‘पीपीपीओई’चं (इंटरनेट कंपनीशी जोडणीचं) यूझरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक यांचा राउटरच्या सेटिंग्जमधून फोटो काढून ठेवा, नाहीतर केबलवाला येईपर्यंत घर ऑफलाइन. सगळं झाल्यावर यंत्रं बंद करून चालू करा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ चालवा, म्हणजे साठवलेले खोटे पत्ते जातील. मधल्या काळात बँकेची साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला, तर ‘प्रोसीड’ कधीही दाबू नका. खोट्या पत्त्यावर खरं प्रमाणपत्र नसतं, इशारा त्याचाच असतो.

बिल थकलं म्हणून केबलवाल्याचं पान उघडणं किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान येणं, हे यातलं नाही. तिथे बिघडलेलं काही नसतं.

प्रश्न: आमच्या वाचनालयाची वर्डप्रेसवरची साइट मला नीट दिसते, पण सभासद म्हणतात गूगलवरून फोनवर उघडली की सट्ट्याची साइट येते. ते चुकीचं सांगतायत का?
(ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

सभासद बरोबर आहेत. वर्डप्रेस म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर. साइटमध्ये कुणीतरी घुसलं आहे आणि मालकाला दिसू नये अशीच ती रचना असते. घुसवलेला कोड आधी चार गोष्टी तपासतो: पाहुणा फोनवरून आला आहे का, गूगलवरून आला आहे का, लॉगिन केलेला ॲडमिन तर नाही ना, आणि पहिल्यांदाच आला आहे का. सगळं जुळलं तरच तो ढकलतो आणि कुकी ठेवतो, म्हणजे तोच माणूस पुन्हा तपासायला आला तर साइट ठणठणीत. जून २०२४ मधलं ‘पॉलिफिल’ प्रकरण याच जातीचं. लाखभराहून जास्त साइट्स एका बाहेरच्या पत्त्यावरून ती छोटी स्क्रिप्ट घ्यायच्या. तो पत्ता विकला गेला आणि नव्या मालकाच्या हाती स्क्रिप्ट फोनवरच्या वाचकांना सट्ट्याकडे पाठवू लागली, तीही ठरावीक वेळीच. ॲडमिन दिसला की गप्प.

तुम्ही वायफाय बंद करून, फोनवर इन्कॉग्निटोमध्ये, वाचनालयाचं नाव गूगलवर शोधून त्या निकालावरून आत जा. प्रत्येक खेपेला सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद करून नवा उघडा. मग घाव कुठे आहे ते शोधायला लॅपटॉपवर एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा, फोनच्या आकाराचा देखावा चालू करा आणि पुन्हा गूगलवरूनच आत या. पहिल्याच ओळीत ३०२ किंवा ३०१ (‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ असा सर्व्हरचा संकेतांक) येऊन सट्ट्याकडे उडी बसली, तर ढकलणारा सर्व्हरवर आहे: ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइल किंवा एखादी पीएचपी फाइल. आधी २०० (सगळं ठीक) येऊन पान उतरू लागलं आणि मग उडी बसली, तर तो पानात पेरलेल्या स्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे थीममध्ये किंवा डेटाबेसमध्ये. एवढं कळलं की अर्धा शोध वाचतो.

साफसफाईआधी आहे तशी पूर्ण प्रत काढून घ्या. ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ हे दोन फोल्डर पूर्ण पुसून वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवरून ताजे टाका. प्लगइन आणि थीमही मूळ जागेवरून नव्याने घ्या. विकतची थीम कुणाकडून ‘फुकट’ मिळवलेली असेल तर वाट तिथूनच होती असं समजा. ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, तिथे पीएचपी फाइल दिसली तर ती बहुधा चोरवाट. ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डर जरूर पाहा, त्यातलं काही नेहमीच्या प्लगइनच्या यादीत दिसत नाही. अनोळखी ॲडमिन काढा. डेटाबेसमध्ये लेखांच्या मजकुरात ‘स्क्रिप्ट’ शब्द शोधा. होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, ॲडमिन, सगळे पासवर्ड बदला आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मधल्या सॉल्टच्या (लॉगिनच्या गुप्त किल्ल्यांच्या) ओळी नव्या टाका, म्हणजे आत बसलेले सगळे एकदम लॉगआउट होतात. कॅशे पुसा, नाहीतर साफ केलेल्या साइटचंही जुनं पानच लोकांना दिसत राहील. गूगलने धोक्याची पाटी लावली असेल तर सर्च कन्सोलच्या ‘सिक्युरिटी इश्यूज’मधून फेरतपासणी मागा.

प्रश्न: एक साइट उघडली की ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ येतं.
(वाचक, पणजी)

दोन पत्ते एकमेकांकडे बोट दाखवतायत आणि ब्राउझरने २० उड्यांनंतर नाद सोडला. ॲड्रेस बारच्या डाव्या चिन्हावरून त्या साइटच्या कुकीज पुसा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. साइट तुमचीच असेल आणि तिच्यापुढे क्लाउडफ्लेअरची मध्यस्थ सेवा वापरत असाल, तर ‘एसएसएल’चा प्रकार ‘फ्लेक्सिबल’ आहे का पाहा. क्लाउडफ्लेअर सर्व्हरला साध्या एचटीटीपीने विचारतो, सर्व्हर एचटीटीपीएसवर पाठवतो, पुन्हा तेच. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ करा. दुरुस्तीनंतरही जुनी उडी दिसली, तर ब्राउझरने ३०१, म्हणजे कायमची बदली, लक्षात ठेवला आहे. कॅशे पुसल्यावर विसरेल.

प्रश्न: लिंक ब्राउझरमध्ये वाचायची असते, पण दरवेळी ॲप उघडतं. आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या छोट्या लिंका कुठे नेणार, हे आधी कळतं का?
(निवृत्त शिक्षक, नाशिक)

अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ते ॲप, ‘ओपन बाय डीफॉल्ट’ इथे ‘ओपन सपोर्टेड लिंक्स’ बंद करा. आयफोनवर लिंक दाबून धरा, ‘ओपन’ आणि ‘ओपन इन ॲप’ असे वेगळे पर्याय येतात. छोट्या लिंकांपैकी बिटलीच्या पत्त्याच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडून उघडलं, की पुढचं पान न उघडता खरा पत्ता दिसतो. टायनीयूआरएलसाठी पत्त्याच्या सुरुवातीला ‘प्रिव्ह्यू’ आणि टिंब जोडा.